उलटा छापलेला जानेवारी

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा रेनकोट कॅमेऱ्यानं घातला होता आणि तो स्वतः चिंब भिजला होता.

१९८७ सालच्या आषाढातली दुपार. डिचोलीच्या बाजारात गिऱ्हाईक औषधालाही नव्हतं. मी काउंटरवर बसून एका नवरीच्या फोटोवरचे पांढरे ठिपके बारीक ब्रशनं बुजवत होते. वर पाहिलं, तर दारात एक उंच, सावळा तरुण. केसांतून पाणी गळतंय, शर्ट अंगाला चिकटलाय... आणि छातीशी, तान्हं मूल धरावं तसं, रेनकोटात गुंडाळलेलं काहीतरी.

"रेनकोट तुमचो काय कॅमेराचो?" मला राहवलं नाही.

"घेतलेलो माझ्यासाठीच," तो म्हणाला. "पण मी भिजलंय तर दोन दिवस शिंकतलंय. ह्याच्या काचेक बुरशी धरली तर मी मेलंय!"

त्यानं तीन रोल काढून ठेवले. मी पाकिटावर नाव लिहून घेतलं. सगुण कृष्णनाथ परब, इब्रामपूर, पेडणे.

"फोटो कोणाचे?"

"कोणाचे नाय. डोंगर, नदी, शेतां..."

"मग न्यायला कोण येतलो? डोंगर?"

"ना—" तो घुटमळला. "मीच येतलंय."

आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. सावळा माणूस लाल होतो हे मला त्या दिवशी कळलं.

स्टुडिओ माझ्या काकांचा, गोकुळदासकाकांचा. बाबा गेल्यापासून मी काका-काकींकडेच वाढले. पाटीवर नाव काकांचं, बाहेर फोटो काढायचे तेही काकाच, पण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता आणि दोन वर्षं डार्करूमचं सगळं काम माझ्याकडे होतं. ही गोष्ट आमच्या तिघांपलीकडे कोणाला ठाऊक नव्हती. डोळे अधू झालेल्या फोटोग्राफरला लग्नाला कोण बोलावणार? त्यामुळे लोक म्हणायचे, गोकुळदासांचा हात काय सुरेख आहे! आणि मी काउंटरवर बसून मान डोलवायची.

सगुण वास्कोच्या बंदरात कारकून होता. आठवडाभर जहाजांच्या याद्या लिहायच्या आणि रविवार उजाडला की कदंबाची बस पकडून कुठेतरी आडगावी उतरायचं. हरवळ्याचा धबधबा, केरीचा किनारा, सुर्लाचं पठार... बस जिथे संपेल तिथून पुढे पायी. येताना डिचोलीत उतरून रोल द्यायचा, पुढच्या रविवारी न्यायचा. मी तर डिचोली सोडून फारशी कुठे गेलेच नव्हते. मी गोवा पाहिला तो लाल दिव्याच्या उजेडात, औषधाच्या ट्रेमध्ये. कोऱ्या कागदावर आधी एक काळी रेघ उमटायची, मग तिचा डोंगर व्हायचा, मग डोंगरावर ढग यायचे. हे सगळं त्यानं कुठे उभं राहून पाहिलं असेल याचा विचार करत मी कागद हलवत राहायची. कधी कधी जास्तच हलवायची आणि फोटो काळा पडायचा.

"हो डोंगर असो काळो कित्याक?" तो विचारायचा.

"पाऊस येणार होता त्यात," मी म्हणायची, आणि फोटो कोण छापतं ते त्याला कळून चुकलं.

त्या वर्षी सगळा गोवा कोकणी की मराठी म्हणून भांडत होता. आम्ही दोघं भांडायचो ते वेगळंच. मी डिचोलीची, 'म्हाका' म्हणणारी. तो पेडणेकर, 'माका' म्हणणारा. मी त्याच्या बोलण्याची नक्कल केली की तो रागावल्याचं सोंग करायचा आणि मग मुद्दाम दहा वेळा 'माका' म्हणायचा. काकी आतून ऐकत असायची. ती स्वतः इब्रामपूरची माहेरवाशीण. रविवारी चहाला कप एक जास्त निघायचा आणि पाववाल्या पोदेराकडून एक उंडोही जास्त यायचा.

चवथीच्या आधी एका रविवारी तो आला तो पळतच.

मे महिन्यात गोवा घटकराज्य झालं होतं. म्हापशाच्या एका छापखानेवाल्यानं ठरवलं होतं की घटकराज्याच्या पहिल्या वर्षाचं कॅलेंडर काढायचं. पानावर देवादिक नकोत, गोव्याचे डोंगर आणि नद्या हव्यात, बारा महिन्यांचे बारा फोटो. त्यानं सगुणचं काम पाहिलं आणि म्हणाला, लोकांना आवडलं तर बंदर सोड, माझ्याकडे कायमचा ये.

"आणि नाही आवडलं तर?"

"तर बहारीन. मामान थंय नोकरीचे कागद करून ठेवलेत. बाबा कधीचे मागे लागलेत. चार वर्सां... पाच वर्सां..." तो काउंटरच्या लाकडावर नखानं रेघा ओढत होता. "क्षमा, कॅलेंडर जमलां तर मी तुझ्या काकांक भेटूक येतलंय."

"दर रविवारी भेटतोस की."

"तसो नाय. रोल न घेता येतलंय."

मी खाली मान घालून ब्रश धुवायला लागले. ब्रश स्वच्छच होता.

चवथ झाल्यावर काकी माहेरी निघाली, आणि मला घेऊन निघाली. तिची निळी साडी मला नेसवली, पदर खांद्यावर नीट पिनेनं लावला, आणि वाटेत तीनदा म्हणाली की सहज चाललोय हं, उगाच कोणाला काही वाटायला नको.

इब्रामपूरला पाऊस उघडला होता. गावाच्या कडेला राखणदाराची घुमटी आहे, उघड्यावरच. काळ्या दगडाचा देव, मागे डोंगर, खाली नदी, नदीपलीकडे महाराष्ट्राची हद्द. आम्ही पोचलो तेव्हा तिथे देवाला प्रसाद लावला होता. त्या गावात पेरणी, सोयरीक, आजारपण, काही असलं तरी आधी देवाला विचारतात. दगडाच्या दोन्ही अंगांना ओल्या पांढऱ्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. देवाच्या उजवीकडची पाकळी आधी पडली तर हो. डावी पडली तर नाही. म्हातारे गावकर धाकू गाऱ्हाणं घालत होते आणि समोर सगुणचे बाबा हात जोडून उभे होते. आम्ही लांबच थांबलो, सगुणही आमच्याजवळ येऊन उभा राहिला. बराच वेळ काहीच हललं नाही. मग उजवी पाकळी अलगद सुटली.

"कसलो प्रसाद?" मी सगुणला हळूच विचारलं.

"मगे सांगतंय." पण तो हसत होता, आणि ते हसू त्याला आवरत नव्हतं.

माणसं पांगल्यावर त्यानं कॅमेरा उघडला. जुना, चौकोनी पेटीसारखा, वरून खाली बघायचा. "थंय उभी रव. घुमटीकडे."

"फोटोत माणूस कित्याक?"

"डोंगर केवढो तां कळूक नको?"

"म्हणजे मी फूटपट्टी?"

"निळी फूटपट्टी," तो म्हणाला, आणि काकीनं ऐकलं तर नाही ना म्हणून मागे वळून बघितलं.

उभी राहण्याआधी मी त्या पेटीत डोकावले. वरच्या काचेत डोंगर, नदी, घुमटी, सगळं इवलंसं होऊन बसलं होतं. मी कॅमेरा उजवीकडे वळवला तर डोंगर भलतीकडेच पळाला. मला हसू फुटलं. "ह्यात सगळं उलटं!"

"उजव्याचां डावां दिसता काचेत. सवय झाली काय कळणा नाय," तो म्हणाला. "रोलार सुलटाच येता."

मी घुमटीजवळ उभी राहिले. तो मान खाली घालून काचेत बघत राहिला. किती वेळ... फोटो काढायला एवढा वेळ लागत नाही, हे फोटोवाल्यांच्या घरच्या मुलीला काय सांगायचं? वारा आला, मी पदर धरला, आणि तेव्हा कुठे खटका वाजला.

आता माझी चूक सांगते.

दिवाळीच्या तोंडावर त्यानं बारा निगेटिव्ह निवडल्या, कागदात घालून क्रम लिहिला आणि रविवारी संध्याकाळी वास्कोला गेला. सोमवारी दुपारच्या बसनं फोटो म्हापशाला पोचायला हवे होते. त्याला रजा नव्हती. मी छापायचे आणि पाकीट कंडक्टरच्या हाती द्यायचं, असं ठरलं. तेव्हा सगळ्यांचं सगळं असंच जायचं, औषधं, पत्रिका, लोणच्याच्या बरण्या.

अकरा फोटो सुरेख झाले. बारावा जानेवारीचा. घुमटी, डोंगर, नदी आणि मी.

जन्म स्टुडिओत गेला, पण मोठी झाल्यापासून माझा एकही फोटो कोणी काढला नव्हता. ट्रेमध्ये चेहरा उमटला आणि मी चरकलेच. ही कोण? चमकी भलत्या नाकपुडीत, हनुवटीवरचा तीळ भलतीकडे, भांग वाकडा. माझं तोंड असं एका अंगाला ओढल्यासारखं आहे? मी कागद वाळत टाकला आणि पुन्हा पुन्हा जाऊन बघितलं. मग मनात आलं आणि मी निगेटिव्ह पालथी घातली. काकांनी शिकवलेला पहिला धडा होता, चकचकीत बाजू वर, मळकट बाजू खाली. तो मोडला. फोटो उमटला आणि जीव भांड्यात पडला. अगं, ही मी! रोज आरशात भेटते ती.

मग मी वेडेपणा केला. मला वाटलं, डोंगर तो डोंगर, नदी ती नदी. उलटे काय नि सुलटे काय, कोणाला कळतंय? मी वर्षभर गोव्याच्या भिंतींवर लागणार, तर निदान माझ्यासारखी दिसून तरी लागू दे. आणि खरं सांगायचं तर... ते कॅलेंडर सगुण रोज बघणार होता. काळ्या दगडावर एक पांढरा ठिपका दिसला. धूळ समजून बुजवायला ब्रश उचलला, तेवढ्यात आठवलं की ही तर उरलेली पाकळी. ब्रश खाली ठेवला. उलटा फोटो पाकिटात घातला, सुलटा खणात टाकला आणि बस गाठली.

डिसेंबरमध्ये कॅलेंडर निघालं. तिसऱ्या दिवशी आमच्या दुकानात माणसं उभी राहिली: छापखान्याचे मालक, धाकू गावकर, सगुणचे बाबा आणि त्यांच्या मागे, वास्कोहून बोलावून घेतलेला सगुण.

धाकूंनी काउंटरवर जानेवारी उलगडला. "हो आमचो देव मगे? घुमटी गावाच्या अंगाक, ती गेली पलीकडे, हद्दीच्या अंगाक. घटकराज्याच्या पयल्याच वर्सा आमचो देव महाराष्ट्रात धाडलात?"

दारातला कोणीतरी फिसकन हसला. धाकू हसले नाहीत. त्यांनी दगडावरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "ही बघा पाकळी. देवान उजवो दिल्लो. पुऱ्या गावान बघितलो. ह्या कागदार उजवी तशीच आसा, डावी पडली. देव हो म्हणालो, तुमी नाय म्हणून छापलात! नि घराघरांत लायलात!" मग त्यांचं बोट माझ्यावर आलं. "नि उजव्या खांद्यार पदर घेतलेली ही बाय खंयची?"

मी समोरच उभी होते. ज्या फोटोत मी मला सापडले होते, त्यात मला कोणीही ओळखलं नाही.

सगुणनं ओळखलं. तो फोटोकडे बघत होता, मग त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि त्याला सगळं कळलं. छापखानेवाले विचारत होते, चूक कोणाची? काका चाचपडत उठले. कॅलेंडर डोळ्यांजवळ नेऊन ते बघायला लागले, अगदी नाकाला टेकवून, आणि सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"चूक माझी," सगुण म्हणाला. "निगेटिव्ह मीच पालथी लावून दिल्ली. काकांनी मी सांगितलां तसां छापल्यानी."

मी तोंड उघडलं.

"क्षमा," तो पटकन म्हणाला, "वायच पाणी दी गो."

मी आत गेले. तांब्या भरला. तेवढ्यात बाहेर येऊन बोलता आलं असतं, एका वाक्याचं काम होतं. पण काकांचं ते नाकाला टेकलेलं कॅलेंडर डोळ्यांपुढून हलेना आणि पाय उचलेना. भरलेला तांब्या घेऊन मी तिथेच उभी राहिले. फोटो उलटा छापला ती माझी लहान चूक. ही मोठी. बाहेर आले तेव्हा माणसं पायऱ्या उतरत होती.

छापखानेवाल्यांनी उरलेल्या सगळ्या कॅलेंडरांतलं पहिलं पान फाडलं आणि मग ती वाटली. त्या वर्षी आमच्याकडे वर्ष फेब्रुवारीपासून सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी मी काकांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "चल म्हापशाला." मालकांपुढे त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं, "म्हाका दिसना. दोन वर्षं माझी पुतणी छापते." मालक भला माणूस, त्यांनी ऐकून घेतलं. पण पेडण्यात आता सगुण परब हे नाव चालणार नाही, म्हणाले, लोकांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. मग मी सगुणच्या बाबांना, कृष्णनाथ परबांना, पत्र लिहिलं. आरसा, चमकी, तांब्या, सगळं लिहिलं, लाज सोडून. उत्तर आलं नाही.

जानेवारीच्या शेवटी एका दुपारी सगुण आला. हातात पत्र्याची ट्रंक, गळ्यात कॅमेरा नव्हता. मुंबईची बस म्हापशाहून सुटायची, मुंबईहून पुढे बहारीन, पण तो वाट वाकडी करून डिचोलीत उतरला होता. आम्ही बसस्टँडवर शेवग्याच्या झाडाखाली उभे राहिलो.

"पत्र पोचलां," तो म्हणाला. "बाबांनी माका समोर बसवून मोठ्यान वाचलां."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, चेडू खरां आसा. पण देवाचो शब्द ज्या हातान फिरलो, त्या हातान घरात दिवो कसो लावूचो? म्हणाले, देवाक पुन्हा विचारूक जाता नाय. एका गजालीक एकच प्रसाद."

"कसली गजाल?" मला अजूनही ठाऊक नव्हतं. "त्या दिवशी काय विचारलं होतं?"

तो ट्रंकेच्या कडीशी खेळत राहिला. आज तो रोल न घेता आला होता.

"डिचोलीचां चेडू सून करून हाडूं काय... तां विचारलेलां."

स्टँडवर कोणीतरी बसच्या टपावर केळीचे घड चढवत होतं. मी त्या घडांकडे बघत राहिले. सगुणकडे बघवत नव्हतं. मी रडत होते आणि मला ते कळतही नव्हतं, पदर ओला झाला तेव्हा कळलं.

"क्षमा, एक सांग माका. सुलटो फोटो वायट आयलेलो?"

"नाही रे... फोटो चांगला होता. मीच नव्हते त्यात. आरशात दिसते तशी नव्हते."

तो हसला. कितीतरी दिवसांनी. आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. "पिशां गो तू... त्या दिसा काचेत मी तुका उलटीच बघितलंय. तितको वेळ! माझ्या डोळ्यांपुढे आसा ती ही उलटीच." त्यानं ट्रंक उघडून चार घड्या केलेलं एक पान दाखवलं. जानेवारी. "एक ठेवलंय चोरून. हां मी व्हरतंय. सुलटो तू ठेव."

"मी थांबू?" मी विचारलं.

त्यानं नाही म्हणायला मान हलवली, पण हलवता हलवता थांबवली. "थांब म्हणूचो अधिकार नाय उरलो माका," तो म्हणाला. "आणि नको थांबू म्हणूक... तोंड उघडणा नाय."

बस लागली. तो चढला. खिडकीशी बसून त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हाताची बोटं जुळवून चौकोन केला, त्या चौकोनातून बघितलं, आणि मान खाली घातली. बस वळणावरून गेली तरी मी पदर धरून तशीच उभी होते.

दुकानात आले. काका झोपले होते. मी खण उघडला आणि दिवाळीपासून उपडा पडलेला तो फोटो बाहेर काढला. घुमटी गावाच्या अंगाला होती. नदी तिच्या वाटेनं समुद्राकडे चालली होती. दगडावर डावी पाकळी तेवढी राहिली होती, उजवी पडलेली होती. तिथे देव अजून हो म्हणत होता.

आणि त्याच्याशेजारी, पदर धरून, ती मुलगी. चमकी भलत्या बाजूला, तीळ भलतीकडे, तोंड जरासं वाकडं. मी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं. ती कॅमेऱ्याकडे बघून हसत होती, आणि तिच्या हसण्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. देवानं जिला हो म्हटलं होतं ती हीच. मीच तिला ओळखलं नाही.